कागदावर मी बरा झालो होतो

हे लिहिण्याआधी मी घरात विचारलं. बायको, अलका, म्हणाली, "लिहा, पण जे झालं तेच लिहा." मुलगी तेजल म्हणाली, "मला वाचायला दिल्याशिवाय कुणालाही देऊ नका." तिला वाचायला दिलं. दोन वाक्यं तिने खोडली. एका ठिकाणी मी घडलेली गोष्ट सौम्य करून लिहिली होती, तिथे तिने समासात लिहिलं, "असं नव्हतं." ते दुरुस्त केलं आहे.

मला नैराश्याचा आजार आहे. उपचार चालू आहेत. औषधांची नावं इथे देत नाही, कारण एकाचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही. आजाराबद्दलही सगळं लिहिणार नाही. लिहिणार आहे ते फक्त एका भागाबद्दल. उदासी ओसरली, झोप आली, जेवण सुरू झालं, तरी मागे जो राग राहिला, त्याबद्दल. माणूस रडत बसला की लोक त्याला डॉक्टरकडे नेतात. माणूस ओरडला की लोक म्हणतात, स्वभावच तसा. मीही तेच म्हणत होतो, आणि त्याची किंमत मी दिली नाही, माझ्या मुलीने दिली.

एकवीस

माझं वय एक्कावन्न. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासणी विभागात पंचवीस वर्षं काम करतो. यंत्राचे सुटे भाग मोजायचे, मापात असतील तर पास करायचे, नसतील तर परत पाठवायचे. आमच्याकडे एक नियम आहे. ज्याने जॉब, म्हणजे तो भाग, बनवला, त्याने तो पास करायचा नाही. कितीही हुशार कारागीर असो, मोजणारा वेगळाच हवा. हा नियम मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

आजार कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. कळला कधी, ते सांगता येतं. ड्युटी सुटल्यावर मी कंपनीच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसलो आणि चाळीस मिनिटं तसाच बसून राहिलो. किल्ली लावलेली होती, पण ती फिरवायची ताकद येईना. तेव्हा सात किलो वजन उतरलेलं होतं आणि पहाटे तीनला जाग यायची. घोटीकडचा गोविंद, आमच्या लेथवरचा ऑपरेटर, जवळ आला.

"साहेब, गाडी बंद पडली का?"

"नाही."

"मग तुम्ही बंद पडले का?"

तो हसला. मला हसता आलं नाही, तेव्हा त्याचंही हसू थांबलं. त्याने माझ्याच फोनवरून अलकाला फोन लावला.

डॉक्टर मॅडमचा दवाखाना गंगापूर रोडला, पहिल्या मजल्यावर. बाहेर अरुंद पॅसेजमध्ये लांब बाक. आत गेल्यावर त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल होता. मी 'एक'वर खूण केली. मॅडमनी सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं, आणि त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा अलकाच्या ताब्यात गेला.

बेरीज एकवीस आली, सत्तावीसपैकी.

"याला नैराश्य म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "हा आळस नाही, कमकुवतपणाही नाही. उपचार आहेत, वेळ लागेल."

अलका रडली. मला मात्र, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. आकडा मिळाला होता, आणि आकडा खाली आणता येतो.

आलेख

मी त्या कागदाच्या कोऱ्या प्रती मागून घेतल्या. दर रविवारी सकाळी चहा झाला की भरायच्या. शाळेतल्यासारखा आलेखाचा कागद आणला, खाली आठवडे, बाजूला गुण. एकवीस, अठरा, चौदा. औषध लागू पडत होतं. झोप आली, वरणभाताला चव आली. पाचव्या महिन्यात नऊ, मग सहा, मग पाच. मॅडमना आलेख दाखवला तर त्या म्हणाल्या, "इतका नीटनेटका पेशंट मला मिळालेला नाही." मी तो आलेख फाइलमध्ये घालून ठेवला.

प्रत्येक वेळी अलका सोबत यायची. मी तिला म्हणायचो, "तू बस बाहेर, दोन मिनिटांचं काम आहे." ती पर्स मांडीवर घेऊन त्या बाकावर बसायची. आत मॅडम विचारायच्या, "चिडचिड?"

"ती आधीपासूनचीच, मॅडम. स्वभाव."

"घरचे काय म्हणतात?"

"घरचे खूश आहेत."

घरच्यांना मी विचारलेलं नव्हतं.

घर

आता मागे बघितलं की दिसतं. तेव्हाही दिसत होतं, पण अर्थ लावला नाही.

मी स्कूटर स्टँडला लावली की वर आमच्या घरातला टीव्ही बंद व्हायचा. मी जिना चढेपर्यंत तेजल तिच्या खोलीत गेलेली असायची. कुकर मी यायच्या आधीच होऊन जायचा, कारण एकदा शिट्टीवरून मी भाजीचं पातेलं सिंकमध्ये फेकलं होतं. माझ्यापुढे कुणी काही विचारत नव्हतं. फोन आला तर दोघी गॅलरीत जाऊन बोलायच्या. घर शांत होतं, आणि ती शांतता मला माझ्या तब्येतीची खूण वाटायची.

वस्तू जागा बदलू लागल्या. आधी ओट्यावरचा लोखंडी बत्ता दिसेनासा झाला. मग इस्त्री. मग लोणच्याची काचेची मोठी बरणी. मला वस्तू जागच्या जागी लागतात, म्हणून मी विचारलं, "बत्ता कुठे आहे?"

"वर ठेवलाय. मिक्सर आहे की."

"जागा का बदलली?"

"अहो, धूळ बसते."

मी त्यावर पंधरा मिनिटं बोललो. ती ओट्याला पाठ टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या आणि दाराच्या मधल्या जागेकडे बघत होती.

कंपनीतही तेच. वीस मायक्रॉनवरून, म्हणजे केसाहूनही बारीक फरकावरून, मी एका नव्या मुलाला सगळ्यांसमोर असं बोललो की तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. गोविंद म्हणाला, "साहेब, जॉब हाय, माणूस नाय. वीस मायक्रॉननी कुणी मरत नाय."

"विमानाचा भाग असता तर मेला असता."

"पण आपण पंपाचे बनवतो ना, साहेब," तो म्हणाला आणि मशिनच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

रविवारी विहारात जाणं सुटलं होतं. तिथल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाने जिन्यात अलकाला विचारलं, "साहेब दिसत नाहीत वंदनेला? बरे आहेत ना?" ती म्हणाली, "आता बरे आहेत." मी दाराआडून ऐकलं आणि मला समाधान वाटलं. बाहेरच्या माणसालाही तिने बरे म्हणून सांगितलं, म्हणजे बराच.

येवल्याहून अलकाची थोरली बहीण आली होती. जाताना अलकाला हळूच म्हणाली, "दाजी मूळचेच कडक गं. आता अंगात ताकद आली, एवढंच."

त्या रविवारी माझे गुण पाच होते.

खाडे

स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर असतं, तसं आमच्याकडेही आहे. दूध आलं नाही त्या दिवसाच्या चौकटीत अलका छोटी रेघ मारते. लग्न झाल्यापासूनची तिची सवय. एका महिनाअखेरीस मी सहज रेघा मोजल्या. तेरा.

सकाळी दूधवाले रामभाऊ आले. पाथर्डी गावचे, सत्तरीला टेकलेले, आमच्याकडे तेजलच्या जन्माआधीपासून दूध घालणारे. मी दारातच थांबवलं.

"तेरा दिवस दूध नाही घातलं तुम्ही."

"तेरा?" ते हसले. "चार दिवस, साहेब. नातीच्या लग्नात व्हतो. वहिनींना सांगूनच गेलो व्हतो."

"कॅलेंडर खोटं बोलतं का?"

"आता ते मला काय म्हाईत? म्या काय तुमच्या घरात येऊन रेघा नाय मारल्या."

या वाक्यात ओरडण्यासारखं काहीही नव्हतं, हे मला आज कळतं. मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, त्यांच्या हातातली किटली हिसकून जिन्यावर आपटली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दूध पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेलं. दोन दारं उघडली आणि लगेच बंद झाली. रामभाऊंनी वाकून किटली उचलली, झाकण शोधलं, ते सापडलं नाही.

"राहू द्या," ते म्हणाले. "उद्यापासून दुसरा बघा."

अलका फडकं घेऊन आली आणि वरच्या पायरीपासून पुसायला लागली. मान खाली घालूनच म्हणाली, "माझीच चूक झाली असेल रेघा मारण्यात."

मी म्हणालो, "तुझी चूक नाही. आकडे समोर आहेत."

ती पुसत राहिली.

महामार्ग

त्यानंतर दोन आठवड्यांनी, हिवाळ्यातल्या एका सकाळी, मी तेजलला क्लासला सोडायला निघालो. ती बारावीला होती, सराव परीक्षेचा फिजिक्सचा पेपर होता. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो, क्लास शहराच्या बाजूला. फाट्यावर एक पांढरी गाडी इतकी जवळून वळली की तिचा आरसा माझ्या हँडलला घासला. काच खाली होती. आतल्या माणसाने काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते मला आजही माहीत नाही. कदाचित तो सॉरी म्हणाला असेल.

गाडी मुंबईच्या दिशेने गेली. मी तिच्यामागे वळलो.

"पप्पा, क्लास तिकडे आहे."

मी वेग वाढवला.

"पप्पा, पेपर आहे माझा. जाऊ द्या ना त्याला."

वारा होता, थंडी होती, दोन्ही बाजूंनी ट्रक होते. ती माझ्या पाठीवर मुठी मारत होती. "पप्पा, थांबवा. पप्पा, प्लीज." मला ते ऐकू येत होतं. मागे बोलणाऱ्याचा आवाज येत होता, बोलणं मात्र पोचत नव्हतं. मला फक्त पांढरा रंग दिसत होता. ते अंतर मी नंतर स्कूटरच्या काट्यावर मोजलं. चार किलोमीटर आणि थोडं वर.

विल्होळीच्या अलीकडे पुढे ट्रॅक्टर आला. मला वेग कमी करावा लागला. तेवढ्यात स्कूटर मागून हलकी झाली. आणि मला आधी बरं वाटलं, की आता गाडी जास्त पळेल.

हे वाक्य तेजलने खोडलेलं नाही.

मी थांबलो तेव्हा दोनशे मीटर पुढे गेलो होतो. मागे रस्त्याच्या कडेला ती पडलेली होती. डोक्यावर पेंढ्याचा भारा घेतलेली एक बाई भारा खाली टाकून तिच्याजवळ बसली होती. मी पळत आलो. ती बाई मला म्हणाली, "पोर टाकून कुठं चालला व्हतास रं, दादा?"

डावं मनगट मोडलं होतं. दोन्ही गुडघे सोलले होते. दप्तर पाठीवर होतं म्हणून पाठ वाचली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, "ब्रेक लावला, मागून पडली." त्यांनी तसं लिहून घेतलं. तेजल छताकडे बघत होती.

दोन पिशव्या

तिसऱ्या दिवशी अलका म्हणाली, "मी तेजूला घेऊन ताईकडे येवल्याला जाते. चार दिवस."

दारात दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, दुसरी मला उचलता येईना इतकी जड. मी चेन उघडली. बारावीची सगळी पुस्तकं, सगळ्या वह्या, वर प्लास्टिकच्या पाकिटात कॉलेजची कागदपत्रं.

"चार दिवसांना हे सगळं कशाला?"

तेजल आधीच जिना उतरायला लागली होती. अलकाने तिची पावलं खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत वाट पाहिली.

"अहो, ती पडली नाही. तिने उडी मारली."

मी पिशवीची चेन परत लावली.

"मला काल सांगितलं तिने. म्हणते, गाडीवर बसून राहण्यापेक्षा रस्ता बरा वाटला." अलका रडत नव्हती. मला ते जास्त भीतीचं वाटलं. "पुढच्या तारखेला डॉक्टरांकडे मी आत येणार. तुमच्यासोबत, आत. तसं झालं तर आम्ही परत यायचं की नाही, हे ठरवू. नाही झालं तर ठरलेलंच आहे."

एसटी दीडची होती. मी सोडायला येऊ का, असं विचारायची हिंमत झाली नाही.

आठ दिवस मी घरात एकटा होतो. रविवारी सवयीने कागद घेतला आणि भरला. झोप ठीक. भूक ठीक. लक्ष लागतं. उदास वाटतं का, थोडं. बेरीज सहा. माझ्या मुलीने माझ्यापासून सुटायला चालत्या गाडीवरून उडी मारली होती आणि कागद म्हणत होता, सहा, आजार सौम्य. मी बेरीज परत केली. सहाच आली. त्या दिवशी मला माझ्या आजाराची पहिल्यांदा भीती वाटली. एकवीस गुण होते तेव्हाही अशी वाटली नव्हती.

बाकावरून आत

अलका येवल्याहून थेट दवाखान्यात आली. तेजलही होती, हाताला प्लास्टर. ती बाहेर बसते म्हणाली. मॅडम स्वतः उठून दारापर्यंत गेल्या आणि तिला म्हणाल्या, "आत ये. पाहिजे तेव्हा बाहेर जा."

अलकाने पर्समधून घडी घातलेली कॅलेंडरची पानं काढली. सात महिन्यांची.

"तारखेच्या खाली रेघ असेल तर त्या दिवशी दूध नाही," ती म्हणाली. "तारखेच्या वर रेघ असेल तर..." तिने माझ्याकडे बघितलं. "तर हे."

मॅडमनी विचारलं, "वेगळी खूण का नाही केली?"

"यांनी विचारलं असतं ना, ही कसली खूण म्हणून."

मी पंचवीस वर्षं केसापेक्षा बारीक फरक मोजतो. तारखेच्या वर आणि खाली, हा फरक मला दिसला नव्हता. तेरा रेघांपैकी चार खाली होत्या. रामभाऊ चारच म्हणाले होते. बाकीच्या नऊ माझ्या होत्या.

मॅडमनी माझी फाइल उघडली आणि आलेखाशेजारी ती पानं मांडली. माझी रेषा उतरत होती. नऊ, सहा, पाच. त्याच महिन्यांत वरच्या रेघा चढत होत्या. चार, सात, नऊ. उदास होतो तेव्हा मला ओरडायची ताकद नव्हती. औषधाने ताकद परत आली, आणि ती सगळ्यात आधी तिथे गेली.

"तुम्ही कागद खोटा भरलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "पण त्या नऊ प्रश्नांत रागाचा प्रश्न नाही. मी विचारला, तुम्ही तो स्वभाव म्हणून बाजूला ठेवलात, आणि आलेख चांगला होता म्हणून मी पुढे खोदलं नाही. त्यात माझीही चूक आहे."

"आलेख मीच काढला होता," मी म्हणालो. जॉब मी बनवला, मोजला मी, आणि पासही मीच केला. आमच्या कारखान्यात यासाठी माणसाला घरी पाठवतात.

मग त्यांनी बरेच प्रश्न विचारले. मला कमी आणि अलकाला जास्त. कमी झोपूनही भलताच उत्साह वाटतो का, बोलणं थांबत नाही असं होतं का, दारू आहे का. दुसरा एखादा आजार नाही ना, हे बघायला ते विचारावं लागतं, असं म्हणाल्या. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. नैराश्यात राग हा आजाराचाच भाग असू शकतो, काहींच्या बाबतीत बाकी सगळं सुधारलं तरी तो मागे राहतो, आणि राहिला तर उपचार पुरा झालेला नाही असं त्या धरतात, हेही सांगितलं.

अलका म्हणाली, "बत्ता मी लॉफ्टवर ठेवला होता. इस्त्री शेजारी दिली होती."

मी विचारलं, "कशासाठी?"

तेजलने प्लास्टरवरचा एक सुटलेला धागा ओढून तोडला.

शेवटी मॅडमनी तिला विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

"दवाखान्यात लिहिलंय की मी पडले," तेजल म्हणाली. "मी पडले नाही."

मॅडमनी ते माझ्या फाइलमध्ये लिहिलं. माझ्यासमोर, तिच्या शब्दांत.

त्यानंतर

औषध बदललं. पहिले तीन आठवडे हात थरथरायचे, तोंड कोरडं पडायचं. ते स्वतःच्या मनाने बंद करायची इच्छा दोनदा झाली. दोन्ही वेळा फोन करून विचारलं, आणि केलं नाही. दर गुरुवारी समुपदेशकांकडे जायला लागलो. चौथ्या गुरुवारी मी त्यांच्यावरच ओरडलो. ते म्हणाले, "बरं झालं, आता बघायला मिळालं. ओरडायच्या आधी अंगात काय झालं?" मला सांगता आलं नाही. पुढचे दोन महिने आम्ही तेवढंच शोधलं. माझे आधी कान तापतात. मग दातावर दात बसतात. कान तापणं आणि ओरडणं यांच्यात थोडाच वेळ असतो, पण असतो.

अलका घरी परत आली, तेजल येवल्याला मावशीकडेच राहिली, आणि एक नियम ठरला. कान तापले की बोलून दाखवायचं, "मला राग येतोय, मी दहा मिनिटं खाली जाऊन येतो." न सांगता जायचं नाही, दार आपटायचं नाही, आणि दहा मिनिटांनी परत यायचंच. स्कूटरची किल्ली अलकाकडे. मी कंपनीत सिटी बसने आणि पायी जायला लागलो.

कागद आता मी भरत नाही. अलका भरते, माझ्या रागाच्या दिवसांसकट. माझ्याशी फोनवर बोलणं झालं की तेजल येवल्याहून आपलं मत कळवते. ते परस्पर मॅडमकडे जातं, मला महिन्याने कळतं. पहिल्या महिन्यात रागाचे दिवस आठ. दुसऱ्यातही आठ. तेव्हा मला वाटलं, हे असंच राहणार, तेजलने परत येऊ नये आणि अलकानेही तिकडेच जावं हेच बरं. तिसऱ्या महिन्यात पाच. मग तीन. शून्य अजून एकाही महिन्यात आलेलं नाही. ते येईल असं मी कुणाला सांगत नाही.

मी पाथर्डी गावात रामभाऊंकडे गेलो होतो. नवी किटली घेऊन गेलो. ते गोठ्यात होते.

"मला तर वाटलं, साहेबाचं डोकं फिरलं," ते म्हणाले.

"फिरलंच होतं. औषध चालू आहे."

"घ्या औषध. चांगलं हाय." त्यांनी किटली आत ठेवली. "दूध मात्र दुसऱ्याकडूनच घ्या."

मला वाटलं होतं की सांगितलं म्हणजे मिटेल. तसं होत नाही.

हे वाचणारा कुणी माझ्यासारखा असेल तर एवढंच सांगतो. तुमच्यासोबत जो माणूस दवाखान्याच्या बाकावर बसतो, त्याला आत न्या. तुम्ही किती बरे झालात हे तो सांगेल. आणि तुम्ही त्या बाकावर बसणारे असाल, घरात वस्तू हलवून ठेवायची वेळ आली असेल, तर आधी तिथून निघा, मग डॉक्टरांना सांगा. अलका म्हणते, ती सात महिने उशिरा निघाली.

जूनमधला रविवार

तेजलने परीक्षा येवल्याहून दिली. निकाल लागल्यावर ती पहिल्यांदा घरी राहायला आली. मनगट बरं झालं आहे, पण पूर्ण वळत नाही. बाटलीचं झाकण ती उजव्या हाताने उघडते आणि डाव्याने नुसती धरते.

दुपारी जेवणं झाल्यावर तिने प्रवेशाचे फॉर्म टेबलवर ठेवले. सगळे पुण्याचे.

"नाशिकमध्ये चांगली कॉलेजं आहेत," मी म्हणालो.

"आहेत."

"मग पुणं कशाला?"

"मला या घरापासून लांब राहायचंय म्हणून." तिचा आवाज चढला. गेल्या दीड वर्षात माझ्यासमोर तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "तुम्ही गुरुवारी जाता, गोळ्या घेता, मला आई सगळं सांगते. पण मी अजून हायवेला गाडीवर बसू शकत नाही. आणि उडीचं मला काही वाटत नाही, पप्पा. दवाखान्यात तुम्ही माझ्यासमोर त्यांना सांगितलंत की पडली. मी तिथेच होते. माझ्याकडे बघितलंही नाहीत."

"मी घाबरलो होतो."

"मी नव्हते घाबरले?"

कान तापले. दातावर दात बसायला लागले. मी खुर्ची मागे सरकवली, ती थोडी जोरात सरकली. अलका आतून स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने आधी तेजलकडे बघितलं आणि मग बाहेरच्या दाराकडे. ते उघडं होतं.

"मला राग येतोय," मी म्हणालो. ठरल्याप्रमाणे. "मी दहा मिनिटं खाली जाऊन येतो."

मी उभा होतो. तेजल माझ्यापेक्षा दोन हातांवर होती. ती मागे सरली नाही.

"नाही," ती म्हणाली. "बसा. माझं बोलून झालेलं नाही."

बसता येईल की नाही, हे मला त्या क्षणी खरंच माहीत नव्हतं.

मी बसलो.